प्रोजेक्टची दुसरी प्रत कुठे आहे?

परीक्षांचे दिवस जवळ आले की छत्रपती संभाजीनगरात औरंगपुऱ्यातल्या आणि विद्यापीठाच्या आसपासच्या डीटीपी-झेरॉक्सच्या दुकानांत पाय ठेवायला जागा उरत नाही. प्रोजेक्ट, सेमिनार, शोधनिबंध, सगळं एका पेनड्राइव्हमध्ये. दुकानातल्या त्या एकाच कॉम्प्युटरला दिवसभर साऱ्यांचे पेनड्राइव्ह लागतात. मग खोलीवर येऊन बघावं, तर प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा बाण, आणि उघडायला गेलं तर काहीच उघडत नाही. हा शॉर्टकट व्हायरस. घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका. मूळ फाइली बऱ्याचदा आतच लपलेल्या असतात, जाणकार माणूस त्या बाहेर काढू शकतो.

कन्नड, सिल्लोड, पैठणहून शिकायला आलेल्या कितीतरी मुलांकडे लॅपटॉप नाही. हाताने लिहिलेली पानं दुकानात टाइप होतात, प्रिंट हातात पडते आणि फाइल तिथेच राहते. दुकानदाराने मशीन साफ केलं की संपलं. म्हणून प्रिंटबरोबर फाइलही मागून घ्या, आणि टायपिंग युनिकोडमध्येच करून मागा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर निव्वळ अगम्य अक्षरं होऊन बसतो. मराठीतून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचं हे नुकसान व्हायरसपेक्षा मोठं आहे, आणि त्याबद्दल वर्गात कुणी बोलत नाही. सोबत पीडीएफही ठेवा.

‘व्हॉट्सअॅपवर आहे ना’ यावर विसंबू नका. फोन हरवला आणि बॅकअप नसला की तेही गेलं. गुगल ड्राइव्हवर 15 जीबी जागा फुकट मिळते. पण तीत जीमेल आणि फोटोही मोजले जातात, म्हणून आधी नको असलेले व्हिडिओ काढा. दोन वर्षं न वापरलेलं खातं गुगल डिलीट करून टाकू शकतं. कॉलेजने दिलेला ईमेल असेल तर शिक्षण संपण्याआधीच सगळं स्वतःच्या खात्यात हलवा.

गुणपत्रिकांसाठी 2015 मध्ये सुरू झालेलं सरकारचं डिजिलॉकर आहे. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका तिथे मिळतात. अडचण येते ती मोबाइल नंबरची. आधारला वडिलांचा जुना, बंद पडलेला नंबर जोडलेला असला की ओटीपी येतच नाही. प्रवेशाच्या धावपळीआधी तो बदलून घ्या.

जगभर सांगितला जाणारा नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. सप्टेंबर 2025 च्या पुरात मराठवाड्यातल्या मुलांची दप्तरं आणि कागदपत्रं भिजली, वाहून गेली. घराबाहेरची प्रत कशासाठी, हे आपल्याकडे वेगळं समजावण्याची गरज उरलेली नाही.

प्राध्यापकांना माझी विनंती आहे. प्रोजेक्ट जमा करायला सांगाल त्या आठवड्यात संगणक कक्ष एक दुपार मोकळा ठेवा आणि प्रत्येक मुलाची फाइल त्याच्या स्वतःच्या ड्राइव्हवर चढवून घ्या. त्याला पैसे लागत नाहीत.