फोनवरची पहिली पारख

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणी पाळणाघर, शिकवणीवर्ग नाहीतर पोळीभाजी केंद्र चालवतात. काम वाढलं की मदतीला माणूस लागतं. जाहिरात द्यावी तर वीस-पंचवीस जणींची नावं येतात. सगळ्यांना घरी बोलावलं तर चहातच दिवस जायचा! त्यापेक्षा आधी फोनवर बोलून चार-पाच जणी निवडाव्यात.

आमच्या शाळेत बालवर्गासाठी बाई हव्या होत्या, तेव्हा हे काम माझ्याकडे आलं. माझा पहिला प्रश्न ठरलेला : "आत्ता बोलायला मोकळ्या आहात ना?" एकीनं अगदी दबक्या आवाजात "हो" म्हटलं. मागे कुकरच्या शिट्ट्या, आणि कुणीतरी विचारतंय, "कुणाचा गं फोन?" मी म्हटलं, तुम्हीच वेळ सांगा. दुपारी तीनला त्याच बाई इतक्या मोकळ्या बोलल्या, की मी पाहतच राहिले!

आवाजावर तर मुळीच जाऊ नका. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढाच आवाज पलीकडे जातो, बारीक सूर गळतात. म्हणून तर 'स' आणि 'फ' यांचा घोटाळा होतो. नाव-पत्ता परत म्हणून घ्या.

प्रश्न सगळ्यांना तेच विचारा आणि उत्तरं वहीत लिहा. "मुलं आवडतात का?" याला नाही कोण म्हणेल? मी विचारलं, "पहिल्या दिवशी मूल रडतंय, दार सोडत नाही. काय कराल?" एक म्हणाली, आईला पाठवून दार लावीन. दुसरी म्हणाली, आधी चप्पल कुठे ठेवायची ते त्याला दाखवीन. मला दुसरीचं पटलं. (आमच्या मुख्याध्यापिकांना पहिलीचं!)

पगार आणि वेळ पहिल्याच फोनवर सांगून टाका, उगाच कुणाची खेप नको. "मिस्टरांना चालेल ना?", "मूलबाळाचा विचार आहे का?" हे मात्र विचारू नका, बरं का. नोकरभरतीत स्त्री-पुरुष भेद करू नये, असं १९७६ च्या समान वेतन कायद्यानंच सांगितलं होतं. "आठ ते बारा जमेल का?" एवढं पुरे. घरचं त्या बघतील. आपण नाही का बघत?

मधली सात-आठ वर्षं नोकरी नसली तर उलटतपासणी नको. आधारचा नंबर नि पैसे फोनवर मागू नका. फसवणुकीच्या भीतीनं चांगली बाई तिथेच फोन ठेवील. कळवण्याचा वार सांगा आणि त्या वारी नकारसुद्धा कळवा. प्रमाणपत्रं, आधीच्या ठिकाणची चौकशी वगैरे प्रत्यक्ष भेटीत.