दिवा लावणे आणि तेवत ठेवणे

बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनई हे गाव सुमारे तीन दशके अंधारात होते. २०१४ साली ‘ग्रीनपीस’ या संस्थेने तेथे १०० किलोवॅटचा सौर मायक्रोग्रिड, म्हणजे गावापुरते स्वतंत्र वीजजाळे, उभारला तेव्हा त्याचा मोठा गौरव झाला. परंतु गावकऱ्यांनी पुढाऱ्यांपुढे ‘खऱ्या विजे’ची मागणी केली. लवकरच सरकारी तारा आल्या, स्वस्त वीज आली, आणि काही वर्षांतच बॅटऱ्या निकामी होऊन तो प्रकल्प बंद पडला.

या गावकऱ्यांस कृतघ्न म्हणणे अन्यायाचे होईल. दिवा लागतो, पण शीतकपाट चालत नाही, आणि दर मात्र अधिक, अशी व्यवस्था शहरातील कोणता नागरिक पत्करील? दोष सूर्याचा नव्हे, योजनेचा आहे. मेळघाटासारख्या दुर्गम भागांत असे प्रकल्प उभारताना बॅटऱ्या बदलण्यासाठी राखीव निधी, दुरुस्तीसाठी गावातीलच प्रशिक्षित माणूस आणि पुढे मुख्य वाहिनीशी जोडणीची सोय, या तीन गोष्टींची तरतूद करारातच असली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उद्घाटनाची फीत कोणीही कापील. दहाव्या वर्षी दिवा तेवत असेल, तरच ती योजना यशस्वी म्हणावी.