मोसंबीनं काय पाप केलंय?

बाळंतिणीच्या सामानाची यादी बिडकीनच्या किराणा दुकानात वाचून दाखवावी लागत नाही. "पहिली खेप का दुसरी?" एवढंच दुकानदार विचारतो आणि त्याचे हात आपोआप बरण्यांकडे वळतात. डिंक, खारीक, खोबरं, गोडंबी, खसखस, हळीव, मेथी, सुंठ, जायफळ, ओवा, बाळंतशेपा. सोबत लेकीचा बाप असेल तर बदाम वाढतात, आजी असेल तर घासाघीस वाढते.

या यादीवर माझा जीव आहे आणि ती मोडीत काढायला मी हा लेख लिहीत नाहीये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशी सांगतात, की अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोजच्या जेवणावर ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात आणि सतराएक ग्रॅम प्रथिनंही. आता डिंकाचा एक मध्यम लाडू घ्या. तूप, गूळ, खोबरं, खारीक मिळून त्यात दीड-दोनशे कॅलरी सहज भरतात. दोन लाडू आणि वाटीभर हळिवाची खीर झाली की हिशेब जवळपास जुळतो. आमच्या आज्यांना कॅलरी माहीत नव्हत्या, पण रात्री दोन वाजता लेकरू अंगावर असताना आईला पोटात आग पडल्यासारखी भूक लागते, हे पक्कं माहीत होतं. त्या वेळी कोण उठून भाकरी करणार? लाडू एका हातानं खाता येतो, गरम करावा लागत नाही, फ्रीजशिवाय महिनाभर टिकतो. ज्या बाईनं पहिल्यांदा हा विचार केला, तिचं नाव कुठं नोंदलेलं नाही, एवढंच.

तक्रार आहे ती दुसऱ्या यादीबद्दल. ती दुकानात मिळत नाही, ती घरातल्या मोठ्यांच्या तोंडी असते. हे खायचं नाही, ते शिवायचं नाही. तुरीचं वरण वातूळ, हरभऱ्याची डाळ वातूळ, वांगं वातड, बटाटा जड, दही थंड, केळं थंड, पेरू थंड, मोसंबी तर थंडच. आणि पाणी? घोट घोट, तेही कोमट.

मागे शेजारच्या मावशींची लेक सिझर होऊन घरी आली. मी मोसंबीची पिशवी घेऊन भेटायला गेले. ती बाजेवर बसली होती. पुढ्यात ताट होतं. तुपात भिजलेली बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणाची चटणी. पोरीचा चेहरा पांढराफटक, डोळ्यांची आतली कडाही फिकी.

"ठेव तिकडं कोनाड्यात," मावशी म्हणाल्या. "सव्वा महिना झाल्यावर खाईल ती."

"अहो मावशी, मोसंबीनं काय होतंय?"

"थंड असती बाई. आईनं खाल्ली की लेकराचं नाक वाहतं. तुझी दोन्ही लेकरं आमच्याच डोळ्यांपुढं वाढली, इसरलीस का?"

यावर काय बोलणार? पिशवीतली मोसंबी शेवटी मावशींच्या मोठ्या नातवंडांनी फस्त केली. दोन मीही सोलून खाल्ली. जिच्यासाठी नेली होती, ती बघत बसली.

त्या ताटाकडे जरा नीट बघू. बाजरीची भाकरी ही बाळंतिणीची खरी मैत्रीण आहे, कारण धान्यांमध्ये बाजरीत लोह चांगलं असतं. आणि या बाजरीचं आमच्या पैठण रस्त्याशी खास नातं आहे. संभाजीनगरहून बिडकीनकडे निघालं, की वाटेत परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्प लागतो. इथल्या शास्त्रज्ञांनी 'एएचबी १२००' हे बाजरीचं संकरित वाण तयार केलं. नावातला 'ए' औरंगाबादचा. नेहमीच्या वाणांत किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असतं, तर या वाणात ७३ च्या आसपास. म्हणजे शंभर ग्रॅम पिठाच्या भाकरीतून साधारण सात मिलिग्रॅम. दूध पाजणाऱ्या आईची रोजची गरज २३ मिलिग्रॅमची. एका धान्यातून एवढं मिळणं काही थोडं नाही.

पण भाकरीतलं सगळं लोह रक्तापर्यंत पोचत नाही. धान्यातलं, भाजीतलं लोह शरीर हात आखडता ठेवूनच घेतं, कारण धान्याच्या कोंड्यातले फायटेट त्याला धरून ठेवतात. ती पकड सैल करायला क जीवनसत्त्व लागतं, तेही त्याच जेवणात. लिंबाची फोड, टोमॅटोची कोशिंबीर, आवळा, पेरू, नाहीतर मोसंबी. आणि मोसंबी म्हणजे तर पैठण तालुक्याचं पीक. पाचोडच्या बाजारात हंगामात मोसंबीनं भरलेल्या गाड्यांची रांग लागते, आमच्या शेतातली मोसंबी देशभर जाते. फक्त आमच्या बाळंतिणीच्या ताटात तेवढी येत नाही. लोहाची बाजरी याच रस्त्यावर घडली, ते लोह अंगी लावणारं फळ याच तालुक्यात पिकतं, आणि दोघांची गाठ पडू द्यायची नाही असा घराघरांत दंडक.

आईनं फळ खाल्लं म्हणून बाळाला सर्दी होत नाही. सर्दी विषाणूनं होते, आणि तो आणतात बाळाला बघायला येणारी, शिंकत शिंकत पापे घेणारी पाहुणेमंडळी. त्यांना मात्र कुणी कोनाड्यात ठेवत नाही.

पाण्याची गोष्ट याहून गंभीर. बाळ चांगलं पिऊ लागलं की आईच्या अंगातून दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास दूध जातं, आणि दुधात बहुतेक भाग पाण्याचाच. ते येणार कुठून? शिवाय डिंक आणि मेथी दोन्ही पाणी शोषून फुगणारे पदार्थ. वर पाणी प्यायलं तर त्यांनी पोट साफ होतं. पाणी तोडलं तर तेच आतड्यात घट्ट होऊन बसतात. एकीकडे रोज दोन लाडू, दुसरीकडे तांब्याभर पाण्यालाही बंदी, आणि मग टाक्यांवर जोर देऊन रडकुंडीला आलेली पोर. त्यावर पुन्हा 'बाळंतवात झाला' म्हणून काढा! तहान लागेल तेवढं पाणी द्या, कोमट हवं तर कोमट द्या. हुलग्याचं माडगं, मुगाचं पातळ वरण, भाज्यांचं कढण, कोमट ताक, सगळं चालतं. ज्यांच्याकडे अंडी, मटणाचं सूप, मासे चालतात, त्यांनी ते बिनधास्त द्यावं. मटणातलं, माशांतलं लोह तर फारशी खळखळ न करता अंगी लागतं. मात्र गरोदरपणात साखर वाढली असेल, तर लाडवांचा गूळ किती घालायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आता सव्वा महिन्याबद्दल. आपल्याकडे बाळंतिणीचं कौतुक पाचवीला सुरू होतं आणि सव्वा महिन्याला विझतं. विहिरीची पूजा झाली, ओटी भरली, लेक सासरी गेली. लाडवांचा डबा सोबत जातो, पण तिथं तो सगळ्यांसमोर उघडावा लागतो, म्हणजे दोन दिवसांत संपतो. कापूस वेचणीचे दिवस असतील तर ती लगेच शेतात. आशाताईच्या भेटींचंही वेळापत्रक योगायोगानं असंच आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. त्यानंतरची ठरलेली भेट थेट बाळाच्या तिसऱ्या महिन्यात. घरचं लक्ष आणि सरकारचं लक्ष दोन्ही एकाच आठवड्यात कमी होतात, आणि बाळ तर त्याच सुमारास जास्त प्यायला लागलेलं असतं.

तिच्या अंगात मुळात शिल्लक किती होती, तेही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बाया रक्तक्षयी निघाल्या. त्याआधीच्या फेरीत हाच आकडा ४८ होता, म्हणजे तो वाढला. अशात एकोणिसाव्या वर्षीच आई झालेल्या पोरीचं स्वतःचं अंग अजून भरायचं असतं. पाचोडची इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था याच तालुक्यात किशोरवयीन मुलींसाठी आणि त्यांचं लग्नाचं वय पुढं जावं म्हणून वर्षानुवर्षं काम करतेय, ते उगीच नाही. साध्या बाळंतपणातही अर्ध्या लिटरपर्यंत रक्त जातं, सिझरमध्ये त्याहून जास्त. ते सव्वा महिन्याच्या लाडवांनी भरून निघेल असं मानणं भाबडेपणाचं आहे.

सरकार काहीच करत नाही असं नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं अंगणवाडीतून स्तनदा मातेला सहा महिने रोज ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनं देणारा आहार हा हक्कच दिलाय. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजनेत तिला गरम, चौरस जेवण अंगणवाडीत बसवून वाढलं जातं. आमच्याकडे मात्र घरी न्यायचं पाकीट. ते घरात आलं, की घरादाराचं होतं. समोर बसून जेवलेलं आणि पिशवीतून नेलेलं यांत केवढा फरक असतो, हे चार माणसांच्या घरात सून म्हणून राहिलेल्या कुणालाही विचारा. माझं मत विचाराल तर अमृत आहाराचं ताट पैठण तालुक्यातही यायला हवं.

बिडकीनमध्ये आता आणखी एक नवी बाळंतीण दिसते. ऑरिकच्या औद्योगिक पट्ट्यात आमची सुमारे ३२ चौरस किलोमीटर जमीन गेली. कामाच्या निमित्तानं लांबून आलेली जोडपी चितेगाव-बिडकीनच्या भागात एकेका खोलीत राहतात. या पोरींना दंडक घालायला सासू नाही आणि लाडू वळायला आईही नाही. तिचं बाळंतपण चहा-बटरवर चालतं. शेजारणींनो, तिला आठवड्याला चार लाडू आणि दोन भाकरी नेऊन दिल्या तर आपलं काही जात नाही. आणि चहा जेवणाला लागून देऊ नका. त्यातलं टॅनिन लोह अडवतं. तासाभराचं अंतर ठेवा.

शेवटी लाल गोळ्या. बाळंतपणानंतर रोज एक, पूर्ण १८० दिवस घ्यायची असते. प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं. पहिल्या आठवड्यात शौचाला काळं होतं, मळमळतं, आणि गोळ्या फळीवर जातात. काळं होणं साहजिक आहे, घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. कॅल्शियमच्या गोळ्या दिवसातून दोनदा असतात, त्या लोहाच्या गोळीसोबत एकाच वेळी गिळू नका. या दोन्ही गोळ्या उपकेंद्रात फुकट मिळतात. लेक सासरी निघाली, की लाडवांच्या डब्याशेजारी सहा महिन्यांतल्या उरलेल्या गोळ्या मोजून द्या, आणि कमी पडल्या तर तिच्या गावच्या आशाताईकडे मागायला सांगा.