खाडीचे अभयारण्य आणि सीमेबाहेरची तळी

ठाणे खाडीतील रोहित अर्थात फ्लेमिंगो पाहण्यासाठी हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत ऐरोलीच्या धक्क्यावर शाळांच्या सहली आणि नोकरदारांची कुटुंबे येतात. नौका तिवरांच्या रांगांमधून खाडीत शिरते, उथळ पाण्यातील गुलाबी थवे दिसतात आणि महानगराच्या उशाशी असे वैभव आहे, या समाधानात मंडळी परततात. हे समाधान अस्थानी नाही. राज्य शासनाने 2015 साली खाडीचे सुमारे 17 चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित केले. 2022 साली खाडीला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय मान्यता लाभली. कांदळवनांचा संहार हा नागरिकांच्या जीविताच्या हक्कावरील घाला होय, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्येच बजावले आहे.

परंतु भरती चढू लागली की हे पक्षी जातात कोठे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

रोहित उथळ पाण्यात उभा राहून, चोच उलटी धरून शेवाळ व सूक्ष्मजीव गाळून खातो. (हे शेवाळ शहराच्या सांडपाण्यावर पोसते, असे अभ्यासक सांगतात, उपकार म्हणावा तर हा असा!) भरतीत चिखलाचे पट्टे बुडतात, तेव्हा अनेक थवे नेरुळ परिसरातील तळ्यांवर विसाव्यास येतात. ही तळी अभयारण्याच्या सीमेबाहेर आहेत. म्हणजे पक्ष्यांना भोजनाच्या वेळी कायद्याचे संरक्षण आहे, विश्रांतीच्या वेळी नाही! वस्तुतः दोन्ही जागा मिळूनच त्यांचे एक घर होते. पैकी एक गेली तर दुसरीचा उपयोग उरत नाही. नवी मुंबईसारख्या शहरात मोकळ्या पाण्याकडे भावी भूखंड म्हणून पाहिले जाते, हे तर उघडच आहे.

2024 साली यांतील एका तळ्यात खाडीचे पाणी येण्याच्या वाटा बुजल्या, तळे आटले आणि त्याच सुमारास तेथे काही रोहित दगावले. 2025 साली राज्य वन्यजीव मंडळाने हे तळे संवर्धन राखीव करण्यास मान्यता दिली, हे योग्यच झाले. तथापि ठरावाने तळ्यात पाणी येत नाही. भरतीचे पाणी आत घेणारे मार्ग वाहते ठेवणे हे वनखात्याचे काम, महापालिकेचे की नियोजन प्राधिकरणाचे, याचा स्पष्ट लेखी आदेश निघाला पाहिजे, आणि तोही पक्ष्यांचा पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वी.