शर्यत संपल्यानंतर

धावपटूची योग्यता पदकांवरून ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. आम्हांस तो अपुरा वाटतो. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत श्रीमती पी. टी. उषा यांचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने हुकले. पुढे २००२ साली त्यांनी केरळात मुलींसाठी धावण्याची शाळा काढली. तेथील शिष्या टिंटू लुका हिने २०१० साली ८०० मीटर अंतर १ मिनिट ५९.१७ सेकंदांत कापून शायनी विल्सन यांचा १९९५ सालचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

या शर्यतीत आरंभीच सारा जोर खर्चिला तर दुसऱ्या फेरीत पाय जड होतात. जोर किती राखावा, हे जो स्वतः धावून थकला आहे तोच नेमके सांगू शकतो. परंतु आमच्या नागपुरातील कित्येक चपळ मुले दहावी होताच मैदान सोडतात व त्यांचा अनुभव त्यांच्याबरोबरच जातो. ही हानी आम्हांस पराभवाहून मोठी वाटते. शुभवर्तमानातील ज्या चाकराने धन्याचे धन जमिनीत पुरून ठेवले, त्यास दोष लागला. विद्येचेही तसेच आहे.

विद्यार्थ्यांनो, शाळा सोडण्यापूर्वी एखाद्या धाकट्यास पहाटे मैदानावर सोबत न्या. पालकहो, त्यास वेळेचा अपव्यय समजू नका.