पॉझिटिव्ह राहा हो!

गेल्या वर्षी मावशीला कॅन्सर निघाला. भेटायला येणारा जो तो शहाळं टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, ‘पॉझिटिव्ह राहा हो!’ चौथ्या दिवशी मावशी वैतागली. “आणखी किती राहू? रिपोर्टच पॉझिटिव्ह आलाय.”

‘प्रेरणादायी’ असं लेबल लावलेल्या गाण्यांपासून मी तसा आधीपासूनच लांब. गायिका ऑलिव्हिया न्यूटन-जॉनच्या ‘गाया’ अल्बमकडेही त्यामुळे कधी फिरकलो नव्हतो. आमच्यासाठी ती ‘ग्रीस’ सिनेमातली सँडी. नाहीतर कपाळाला पट्टी बांधून व्यायामशाळेत ‘फिजिकल’ गाणारी. अमेरिकेत ते गाणं १९८१-८२ मध्ये दहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं!

मग १९९२ उजाडलं. कोआला ब्लू या तिच्या दुकानांचं दिवाळं निघालेलं, वडील गेले आणि त्याच सुमारास त्रेचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचं निदान. शस्त्रक्रिया, केमो. दोन वर्षांनी आला ‘गाया’. तोवर बहुतेक दुसऱ्यांचीच गाणी गायलेल्या ऑलिव्हियाने या अल्बममधली सगळी गाणी स्वतः लिहिली.

झाडं, पृथ्वी वगैरेंवरची गाणी मला थोडी भाषणासारखी वाटली. २००६ चा ‘ग्रेस अँड ग्रॅटिट्यूड’ तर फारच गुळगुळीत. ऐकताना खोलीत उदबत्ती लावल्यासारखं वाटतं. पण ‘गाया’त एका गाण्याचं नावच ‘व्हाय मी’ आहे. मीच का? आपल्याकडे आजाऱ्याने हे विचारलं की लगेच कुणीतरी ‘असं बोलू नये’ म्हणून गप्प करतं. आणि आवाज तोच, हलका, नितळ. रडका होत नाही, उगाच वीरश्रीही आणत नाही.

डॉक्टर अशा वेळी टक्केवारी सांगतात. ऑलिव्हियाचे आजोबा मॅक्स बॉर्न, पुंजभौतिकीत शक्यतेचं गणित आणणारे, त्यासाठी १९५४ चं नोबेल मिळवणारे. रामन यांच्या बोलावण्यावरून ते काही महिने बंगळुरूलाही राहिले होते. नातीला त्या टक्क्यांचा किती आधार वाटला असेल, देव जाणे. तीस वर्षं काढून ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये गेली.

परवा मावशीच्या कानाला इअरफोन लावून ते गाणं ऐकवलं. तिचं इंग्रजी बेताचंच.

“काय म्हणतेय ही?”

“मीच का, असं विचारतेय.”

मावशीने इअरफोन काढला. “मग? सांगितलं का कुणी तिला?”