खोक्यावरचे चित्र आणि ओझरचे मिग : प्रतिकृतीलाही पुरावा लागतो

१/२१
दिवाळीच्या आठवड्यात ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणच्या कोणत्याही सोसायटीत शिरावे. जिन्याजवळच्या कोपऱ्यात दगड, विटा, भिजवलेले गोणपाट आणि लाल माती यांतून एक किल्ला उभा राहत असतो. उतारावर अळीव पेरलेला, सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर कोणी तरुण टेबलावर वर्तमानपत्र पसरून प्लास्टिकचे लढाऊ जेट जुळवत असतो. हा धागा त्या विमानाविषयी आहे. पण आरंभ किल्ल्यापासूनच करावा लागतो.

२/२१
एके काळी दिवाळीतला किल्ला म्हणजे कोणताही डोंगर असे. आता मुले ‘हा राजगड’ असे सांगून किल्ला करतात आणि मग पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या आपापल्या दिशेलाच याव्या लागतात. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचे स्थान मिळाल्यापासून ही जाण आणखी वाढली आहे. चुकलेली माची शेजारच्या इमारतीतला मुलगाही दाखवून देतो.

३/२१
विमानाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. सांधे नीट जुळले, रंग तुकतुकीत बसला, की वाहवा होते. किल्ल्याला लावलेली कसोटी विमानाला का लावू नये? प्रतिकृती हे भूतकाळाविषयीचे एक विधान असते. ‘हे असे होते’ असे ती सांगते. विधान आले की पुरावा आला, आणि खोक्यात मिळणारे सूचनापत्रक हा पुरावा नव्हे.

४/२१
या छंदाचा उगमही तपासण्यासारखा आहे. १:७२ हे लोकप्रिय प्रमाण ‘१ इंचास ६ फूट’ या हिशेबातून आले. ब्रिटनमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने या प्रमाणातील प्लास्टिकचे संच विक्रीस आले. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी विद्यार्थ्यांकडून विमानांच्या ५ लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या. आकाशातले विमान मित्राचे की शत्रूचे, हे सैनिकांना बाह्याकृतीवरून ओळखता यावे, हा त्यामागचा प्रमुख हेतू होता.

५/२१
म्हणजे तेव्हा प्रतिकृतीतली चूक कोणाच्या तरी जिवावर बेतू शकत होती. युद्ध संपले, संच बाजारात आले आणि कसोटी सैल झाली. एअरफिक्स कंपनीच्या पहिल्या स्पिटफायरवरची ‘बीटी-के’ ही अक्षरे याचे प्रसिद्ध उदाहरण. अमेरिकेतल्या ऑरोरा कंपनीच्या संचावरून ती उचलली गेली आणि संशोधकांनी ती चुकीची ठरवली. चूक एकदा छापली गेली की तिचीही परंपरा होते, हे इतिहासाच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको.

६/२१
महाराष्ट्रातल्या तरुणाने पहिले जेट कोणते करावे? उत्तर जवळच आहे. कल्याण जंक्शनला रूळ दुभंगतात. त्यांतला एक फाटा कसारा घाट चढून नाशिकला जातो. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग कारखाना १९६४ मध्ये स्थापन झाला. इंजिने ओडिशातल्या कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा ओझरला, अशी कामाची वाटणी होती.

७/२१
भारतीय हवाई दलात मिग-२१ चा प्रवेश १९६३ साली चंदीगड येथे २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून झाला. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडलाच त्याला निरोप देण्यात आला. ६२ वर्षे! आजोबांनी वर्तमानपत्रात पाहिलेले विमान नातवाने निवृत्त होताना पाहिले. एवढ्या दीर्घ काळात ते एकच विमान राहिले नाही, आणि प्रतिकृतीकाराची पहिली परीक्षा इथेच होते.

८/२१
‘मिग-२१’ हे एका कुळाचे नाव आहे. १९७१ च्या युद्धात लढले ते प्रामुख्याने ‘एफएल’ हे रूप. त्याचे वैमानिककक्षावरचे पारदर्शक आच्छादन पुढच्या बाजूला बिजागरी असलेले, सलग उचलले जाणारे होते. ‘पीएफएम’ या रूपात समोरची काच स्थिर झाली आणि आच्छादन बाजूला उघडू लागले. एफएलच्या धडात तोफ नव्हती. पोटाखाली ‘जीपी-९’ ही तोफेची पेटी लावावी लागे. पुढच्या ‘एमएफ’ रूपात तोफ धडातच आली.

९/२१
त्यामुळे पीएफएमचा संच घेऊन त्यावर केशरी-पांढरा-हिरवा वर्तुळचक्र डकवला आणि खाली ‘ढाका, १९७१’ अशी पट्टी लावली, तर ते बखरीतल्या कालविपर्यासासारखे होते. प्रसंग खरा, पात्रे खरी, पण हातात चुकीच्या काळातले शस्त्र. काच बदलणे, पेटी बसवणे, जास्तीचे भाग घासून काढणे हे कष्टाचे काम आहे. प्रतिकृतीला खरेपणा येतो तो याच कष्टातून.

१०/२१
थोडा हिशेबही लक्षात ठेवावा. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार सुमारे ७.१५ मीटर, १:७२ ला तो १० सेंटीमीटरही भरत नाही. या प्रमाणात प्रतिकृतीवरची १ मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या विमानावर ७.२ सेंटीमीटरचे भगदाड. असे विमान उडणार कसे? म्हणून पुट्टी भरणे, सुकू देणे, बारीक सँडपेपरने पाण्यात घासणे, प्रायमर मारून पुन्हा पाहणे. घाई करणाऱ्याचे इथे काम नाही.

११/२१
आता खरा विषय, रंग. सुरुवातीचे भारतीय मिग उघड्या धातूचे, चकाकते होते. ६ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोटच्या तळावर हल्ला केला आणि जमिनीवर उभी असलेली भारतीय विमाने उद्ध्वस्त केली. त्यांत दोन मिग-२१ होते. आकाशात शोभणारी चकाकी जमिनीवर शत्रूला खूण ठरते, हा धडा कोणत्याही सेनेला महागातच पडतो.

१२/२१
१९७१ चे युद्ध जवळ आले तेव्हा चकाकत्या मिगांवर घाईने रंग चढवण्यात आला. कारखान्यातून एकसारखा नमुना आलेला नव्हता. ज्या त्या तळावर, हाताशी असलेल्या हिरव्या-तपकिरी छटांत पट्टे आणि डाग ओढले गेले. स्क्वाड्रनागणिक नमुना बदलला. एकाच स्क्वाड्रनची दोन विमानेही हुबेहूब सारखी राहिली नाहीत. त्या ओबडधोबड फटकाऱ्यांत त्या दिवसांची धांदल गोठून राहिली आहे.

१३/२१
१४ डिसेंबर १९७१. ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये बैठक आहे अशी खबर आली. २८ स्क्वाड्रनचे विंग कमांडर बी. के. बिश्नोई यांना लक्ष्य शोधण्यासाठी मिळाला तो पर्यटकांसाठीचा नकाशा. त्यांच्या मिगांनी ५७ मिलिमीटरच्या रॉकेटांचा मारा केला. त्याच दिवशी गव्हर्नर मलिक यांनी राजीनामा लिहिला. हा प्रसंग करायचा असेल, तर त्या विमानाचा रंग युद्धापूर्वीच्या आठवड्यांतला, हाताने फासलेलाच हवा. एअरब्रशने काढलेली निर्दोष नक्षी तिथे खोटी ठरते.

१४/२१
याउलट १९६५ चे विमान करायचे, तर धातूचा रंग. तोही सरसकट चंदेरी नसतो. इंजिनाभोवतीचा पत्रा तापून काळवंडतो, इतर पत्रे वेगवेगळी झाक दाखवतात. पण हल्ली प्रत्येक सांध्यात काळा वॉश भरून, प्रत्येक विमान गंजलेले आणि तेलकट दाखवण्याची टूम आहे. शांततेच्या काळातले विमान रोज पुसले जाते. जुनाटपणा हा आपोआप खरेपणा नव्हे. ते विमान त्या दिवशी किती मळलेले होते, एवढाच प्रश्न विचारावा.

१५/२१
मग पुरावा कोणता? मराठ्यांच्या इतिहासाची गोडी असलेल्यांना ही श्रेणी ठाऊक आहे. तारीख असलेले समकालीन छायाचित्र म्हणजे समकालीन पत्र. वैमानिकाच्या उतारवयातल्या आठवणी म्हणजे उत्तरकालीन बखर. मौल्यवान, पण ताडून पाहण्याजोगी. खोक्यावरचे चित्र म्हणजे पोवाडा. आणि चौकातल्या चबुतऱ्यावरचे निवृत्त विमान म्हणजे जीर्णोद्धार झालेले देऊळ : वास्तू अस्सल, पण ऑइलपेंट कालचा.

१६/२१
तरी अस्सल वास्तू पाहावीच. डोंबिवलीहून लोकलने जाता येईल अशा वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एचएफ-२४ मारुत उभे आहे. कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली भारतात घडलेले हे जेट १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. त्याआधी, १९५९ मध्ये, त्याच आकाराचे पूर्ण मापाचे लाकडी ग्लायडर करून डाकोटाने ओढत आकाशात नेले होते. खरे जेट उडण्याआधी त्याची प्रतिकृती उडाली. अभियंत्यांनी आपला अंदाज तिच्यावर तपासून घेतला.

१७/२१
यावर एक आक्षेप ठरलेला आहे : हा छंद आनंदासाठी, त्यात पंडिती कशाला? आक्षेप पोकळ नाही. खिळे मोजत बसून दुसऱ्याचा हिरमोड करणारे लोक प्रत्येक छंदात असतात. दहा वर्षांच्या मुलाने मिग जांभळा रंगवला तर त्याचे कौतुकच करावे. पण जो ‘ढाका, १९७१’ अशी पट्टी लावतो, तो आनंदाच्या पलीकडे जाऊन काहीतरी सांगू पाहतो. सांगणाऱ्याने जबाबदारी घ्यावी.

१८/२१
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अशा प्रतिकृतींतून युद्धाचे फक्त वैभव दिसते, किंमत दिसत नाही. १७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगड येथे मिग-२१ च्या अपघातात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचा मृत्यू झाला. अपघाताचा ठपका वैमानिकावर ठेवण्याला आई कविता गाडगीळ यांनी जाहीर आव्हान दिले. वडील अनिल गाडगीळ स्वतः हवाई दलाचे निवृत्त विंग कमांडर. पुढे या दांपत्याने पुण्यात जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट उभी केली. तिथे सिम्युलेटरवर, म्हणजे वैमानिककक्षाच्या प्रतिकृतीतच, उड्डाणाचे शिक्षण दिले गेले. नवशिक्या वैमानिकांना जेटची सवय व्हावी म्हणून लागणारे ‘हॉक’ प्रशिक्षण विमान हवाई दलात आले ते २००८ मध्ये. ढाक्याचे मिग आणि सुरतगडचे मिग ही एकाच कुळातली विमाने आहेत. कपाटात पहिले ठेवणाऱ्याला दुसऱ्याची माहिती असायला हवी.

१९/२१
आणि विमानाच्या चाकांखालची जमीन? कल्याणहून मलंगगडाच्या वाटेवर नेवाळी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी तिथे धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. युद्ध संपल्यावर त्या परत मिळायच्या होत्या, असे गावकरी सांगत आले. जमीन संरक्षण खात्याकडे राहिली आणि जून २०१७ मध्ये नौदलाच्या कुंपणाच्या कामावरून तिथे आंदोलन पेटले, पोलिसांच्या गाड्या जळल्या. प्रतिकृतीखालच्या फळीवर राखाडी रंग मारून ‘धावपट्टी’ म्हणणे सोपे आहे. ती आधी कोणाची तरी भातखाचरे होती, हे कल्याण-डोंबिवलीच्या तरुणाने विसरू नये.

२०/२१
म्हणून एक सूचना. प्रत्येक प्रतिकृतीशेजारी पोस्टकार्डाएवढा कागद ठेवावा. त्यावर चार ओळी : हे कोणते विमान, कोणत्या तारखेचे, कोणत्या पुराव्यावरून आणि कोणती गोष्ट अंदाजाने केली. चौथी ओळ सर्वांत महत्त्वाची. दिवाळीतल्या किल्ले स्पर्धांच्या आयोजकांनीही अशा कागदाला गुण ठेवावेत. परदेशी संच महाग असतात ही अडचण खरी. पण जाड पुठ्ठ्याच्या विमानाशेजारीही हा कागद तितकाच शोभतो.

२१/२१
तुळशीचे लग्न लागले की किल्ला मोडतो आणि माती मातीला मिळते. त्यातली चूकही पुढच्या दिवाळीपर्यंत विसरली जाते. प्लास्टिकचे विमान मात्र काचेच्या कपाटात वर्षानुवर्षे राहते. घरात येणारे प्रत्येक मूल त्याकडे बोट दाखवून विचारते, ‘हे खरंच असं होतं?’ त्या प्रश्नाला ‘हो’ म्हणण्याआधी करणाऱ्याने एकदा तरी तारीख असलेले छायाचित्र पाहिलेले असावे.